चिखलदऱ्याची कॉफी, मेळघाटचा बांबू

चिखलदऱ्याला कॉफी पिकते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर, ब्रिटिशांच्या काळापासून तिथं कॉफीची झाडं आहेत. महाराष्ट्रातल्या कॉफीचा विषय निघाला की नाव याच गावाचं घ्यावं लागतं. मी परतवाड्याची. चिखलदरा आम्हाला घाट चढला की आलंच. शाळेच्या सहलीत पंचबोल पॉइंटला बाई ती झाडं दाखवायच्या आणि आम्ही पोरी दरीकडे तोंड करून आपापली नावं ओरडायचो. पाच डोंगर नाव परत करतात, म्हणून पंचबोल. त्या वयात झाडांकडे कोण बघतं!

कॉफी म्हणजे काय हे मला कळलं ते इरुंगाट्टुकोट्टैत आल्यावर. चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे ही सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईचा कारखाना 1990च्या दशकात इथं आला आणि त्याच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे. त्यांतल्याच एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. येणारा-जाणारा माल मापायचा, जोड तपासायचे, फट दिसली की गेज घालून बघायचं, हे माझं काम. पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकासमोरच्या गाड्यावर दावरा-टम्बलरमधली कॉफी हातात येते, आणि ती कशी झाली आहे यावर माझे तमिळ सहकारी गंभीरपणे बोलतात. डिकॉक्शन पहिल्या धारेचं आहे की दुसऱ्या, चिकोरी किती घातली, दूध किती वेळ उकळलं. श्रीपेरुंबुदूरला मी पूड घेते त्या दुकानातले म्हातारे अण्णा बिया डोळ्यांसमोर भाजतात. त्यांच्याकडून मी ‘प्लांटेशन’, ‘चेरी’ आणि ‘पीबेरी’ हे तीन शब्द शिकले. फळ तोडल्याबरोबर साल काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी म्हणजे प्लांटेशन. फळ सालीसकट उन्हात वाळवलं तर ती चेरी. एका फळात एरवी दोन बिया पोटाला पोट लावून वाढतात, म्हणून त्यांची एक बाजू सपाट असते. कधी एकच बी धरते आणि वाटाण्यासारखी गोल होते. ती पीबेरी, तिला भाव जास्त.

एवढं शिकल्यावर गावाकडची कॉफी बघायची ओढ लागली. डिसेंबरात रजा टाकली. तमिळनाडू एक्स्प्रेस रात्री चेन्नई सेंट्रलहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला पोचवते. तिथून अमरावती, परतवाडा, आणि मग घाट. डिसेंबर मुद्दाम निवडला. कॉफीचा बहर उन्हाळ्यात, वळवाच्या सरींनंतर येतो. पांढरी फुलं, मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास. अरेबिकाचं फळ तिथून आठ-नऊ महिन्यांनी पिकतं. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी हा तोडणीचा काळ.

पर्यटक इथं पावसाळ्यात येतात, ढगात चालायला. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, कीचकाची दरी म्हणून चिखलदरा, ही गोष्ट त्यांना प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सननं 1823 साली हे ठिकाण हेरलं, ही दुसरी गोष्ट. त्याच्या वीस वर्षं आधी, 15 डिसेंबर 1803ला, शेजारच्या गाविलगडावर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हल्ला चढवला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्या किल्ल्यावर स्वतंत्र लिहायला हवं. मी कॉफीसाठी आले होते.

बाजारातल्या पहिल्याच टपरीवर कॉफी मागितली.

‘‘कॉफी कोन पेते इथं, ताई? च्या देऊ का?’’

‘‘पण कॉफी तर तुमच्या गावातच होते ना?’’

‘‘होते ना. तिकडं मळ्यात. आमाले कोन आनून देते?’’

चहा घेतला. गवळ्यांच्या गावातलं दूध, दाट आणि गोड वासाचं. याच डोंगरातले गवळी खवा आणि रबडी करतात ती खाऊन बघावी अशी असते. त्या दुधात डिकॉक्शन काय उतरेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

जुन्या मळ्यात मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी उभी होती. अरेबिकाला भर ऊन सोसत नाही, थंडीचा कडाकाही सोसत नाही. म्हणून जगभर ती मुख्यतः कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या उंचीवर होते. आपल्याकडची बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांतली. चिखलदरा त्या सगळ्यांच्या कितीतरी उत्तरेला, साधारण 21.4 अक्षांशावर आहे, पट्ट्याच्या जवळजवळ काठावर. इथल्या हिवाळ्यात ही झाडं टिकली याचं श्रेय उंचीला, पावसाला आणि डोक्यावरच्या सावलीला. पानं गडद, चकचकीत. फांदीवर फळांचे घोस, आणि एकाच घोसात हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळं. कॉफी एकदम पिकत नाही. चांगला मळेवाला लाल तेवढी तोडतो आणि उरलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा येतो. एका हंगामात त्याच झाडापाशी तीन-चारदा यावं लागतं.

इथं एक कोरकू आदिवासी बाई अख्खी फांदी मुठीत धरून ओरबाडत होत्या. ताडपत्रीवर फळं वाळत होती, तिन्ही रंगांची, एकत्र. माझ्या कामाच्या सवयीनं मी खाली बसले आणि लाल वेगळी करू लागले. बाई हसल्या. ‘‘भाव एकच हाय, बाई,’’ त्या म्हणाल्या. हे वाक्य मी विसरणार नाही. हिरव्या फळातली बी कॉफीला तुरट, गवतासारखी चव देते, आणि मूठभर हिरवी गोणीभर लालची चव बिघडवते. पण निवडलेल्या फळाला जास्त भाव मिळणारच नसेल, तर निवडायचं कशासाठी? दोष त्या हातांचा नव्हता. बागेत विचारलं तेव्हा वाळलेल्या बिया मला सुट्या मिळाल्या, वर्तमानपत्रात बांधून. ना नाव, ना तारीख.

कॉफी बघून झाली, आता मेळघाटचा बांबू बघायचा होता. चिखलदऱ्याहून सेमाडोह, हरिसाल करत मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून रस्ता धारणीकडे जातो. धारणी तालुक्यातल्या लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे हे दांपत्य 1990च्या दशकात इथं येऊन राहिलं आणि कोरकूंच्या हातात बांबूचं काम रुजवलं. सुनीलजी 2021 साली गेले. लवाद्याच्या बांबूच्या राख्या अनेकांनी मनगटावर बांधल्या असतील. मला बघायचं होतं ते फर्निचर.

बांबू सगळा सारखा नसतो. मेळघाटात मुख्यतः मानवेल होतो. तो बारीक असतो, पण आतून बराचसा भरीव. पूर्वी पोलिसांच्या लाठ्या याच जातीच्या असत. कटांग जाड, काटेरी आणि पोकळ. खुर्चीच्या पायाला मानवेल उत्तम, कारण त्यात खुंटी ठोकली तरी तो चिरत नाही. बांबू कोवळा चालत नाही, तीन-एक वर्षांचा लागतो. पावसाळ्यात तोडत नाहीत, कारण तेव्हा नवे कोंब, आमच्याकडचे वास्ते, वर येत असतात आणि बेटाला इजा होते. शिवाय ओल्या, रसरशीत बांबूत साखर-पिष्ट जास्त, आणि त्याच्यावरच भुंगा येतो. म्हणून तोडलेला बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवतात. घरातली बांबूची वस्तू वर्षभरात पिठासारखी भुकटी गाळू लागली, तर समजावं की ही पायरी कुणीतरी गाळली आहे.

मेळघाटातल्या एका कारागिरासमोर मी बराच वेळ बसले. गोल बांबूला गोल बांबू काटकोनात जोडायचा म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटावर बसेल असं अर्धगोल कोरावं लागतं. प्रत्येक बांबूची जाडी वेगळी, म्हणून साचा चालत नाही. तो कोरतो, लावून बघतो, पुन्हा कोरतो, मग बांबूचीच खुंटी आरपार ठोकतो. मी पर्समधून फीलर गेज काढलं. पातळ पोलादी पात्यांचं ते उपकरण माझ्याजवळ कायम असतं. एका जोडाशी सगळ्यात पातळ पातं लावलं. गेलं नाही. कारागिरानं गेज हातात घेतलं, पाती उलगडली, दुसऱ्या जोडात स्वतः घालून बघितलं. तिथं एक पातं गेलं. काही न बोलता त्यानं खुंटी काढली आणि टोक पुन्हा कोरायला घेतलं. मी थक्क झाले. लाखो रुपयांच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांना हे पटवायला मला महिने लागतात.

हे कसब कायद्यानं फार काळ अडवून धरलं होतं. 1927च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोजला होता, त्यामुळे तोडायला आणि न्यायला परवाना. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज ठरवून गावांना त्याच्यावर हक्क दिला. 2011 साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःचे वाहतूक परवाने मिळाले, तेव्हा तो हक्क कागदावरून खाली उतरला. जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून 2017 साली वगळला गेला. शास्त्रज्ञ कधीपासून सांगत आहेत की बांबू हे गवत आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तोड करायची नाही, आणि ते बरोबरच आहे. पण बांधावर, पडीक रानात बांबू लावून कोरकू घरात वर्षभर काम राहू शकतं. एरवी दिवाळीनंतर इथली तरुण माणसं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण.

कोरकूंची स्वतःची लाकडाची कला मात्र विक्रीसाठी नाही. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ ते सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरतात आणि सिडोली विधीत ती फळी, मुंडा, झाडाखाली रोवतात. पर्यटकानं ती विकत मागू नये. बघायला मिळाली तर चपला काढून, दुरून बघावी.

डोंगरातल्या लहानशा गावाला कॉफी आणि हातकाम तारू शकतं का? पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात क्पालिमे नावाचं गाव आहे, आगू पर्वताच्या परिसरात. जर्मनांनी 1907 साली किनाऱ्यावरच्या लोमेपासून तिथवर रेल्वे नेली, ती डोंगरातला कोको आणि इतर माल खाली आणायला. रेल्वे बंद पडली, पण गाव आजही कॉफी-कोकोसाठी आणि कारागिरांसाठी ओळखलं जातं. लाकडावरचं कोरीवकाम, केंटे विणकाम, बाटिक. पाहुणा येतो तो कारागिराच्या दारातच येतो. तमिळनाडूत येरकाडला, जिथं 1820च्या दशकात सेलमचे कलेक्टर कॉकबर्न यांनी कॉफी आणली असं सांगतात, मळ्यातली पूड रस्त्यावर मिळते. आणि आंध्रातलं अराकूचं खोरं तर थेट आपल्या मेळघाटासारखं, आदिवासींचं, साधारण याच उंचीचं. तिथल्या अरेबिकाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अराकूत फरक पडला तो लाल फळ वेगळं मोजायला लागल्यावर. तोडणाऱ्याला पिकलेल्या फळाचे जास्त पैसे मिळाले, म्हणून त्यानं हिरवं फांदीवर राहू दिलं. चिखलदऱ्यातल्या त्या बाईंचं म्हणणं उलट बाजूनं तेच होतं.

वर्तमानपत्रातली पुडी मी श्रीपेरुंबुदूरला अण्णांपुढे उघडली. त्यांनी बिया सुपात पसरल्या, चष्मा वर केला, बोटानं ढीग वेगळे केले. काही बिया फिकट आणि सुरकुतलेल्या, त्या बाजूला. मग तीन-चार पीबेरी शोधून माझ्या तळहातावर ठेवल्या. उरलेल्या भाजल्या. भाजताना बिया सारख्या तडतडल्या नाहीत, काही आधी, काही मागून. वाळवण कमी-जास्त झाल्याची खूण, असं ते म्हणाले. पण डिकॉक्शन उतरलं तेव्हा त्यांनी दुधाशिवाय एक घोट घेतला आणि विचारलं, ही कुठल्या डोंगरातली? महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. अंगानं हलकी आहे, पण आंबटपणा स्वच्छ आहे, असा त्यांचा निवाडा. चिकोरी अजिबात घालू नका म्हणाले. नुसती लाल फळांची, नीट वाळवलेली आली तर दुकानात ठेवायची त्यांची तयारी आहे.

मळ्यात फोन केला. पलीकडचे काका सरळ बोलणारे. ‘‘लालच तोडायची म्हणता, तर तीनदा मजूर लावा लागतीन. वरची मजुरी कोन देईन?’’ प्रश्न योग्य होता. आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब मांडला. एका बाईची दिवसाची मजुरी, ती दिवसभरात किती लाल फळ तोडेल, वाळल्यावर त्यातून किती बी उरेल. येणारा भाव येरकाडच्या मळ्यातल्या पुडीपेक्षा थोडा जास्त निघाला. दुसऱ्या दिवशी मी तो कारखान्यात पाळीच्या सुट्टीत सांगितला. माझ्या लाइनवरच्या चार घरांनी पुढच्या हंगामासाठी आगाऊ पैसे दिले आहेत. ते मी काकांना पाठवले, आणि सोबत कळवलं की वरची मजुरी ताडपत्रीपाशी भेटलेल्या बाईंपासून सुरू करायची.