आमिष दाखवतात, देत नाहीत

पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक’ ही बातमी नवी नाही. त्यातला ‘आमिष’ हा शब्द पाहू. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून तर शाकाहाराला निरामिष म्हणतात. मासा ओढायला गळाला लावायचे तेही आमिष. पुढे नोकरीचे, लग्नाचे, पैशाचे, कशाचेही झाले.

गंमत आहे ती क्रियापदांत. मोह ‘होतो’, त्याला दुसरा माणूस लागत नाही. भुरळ चांदणेही ‘घालते’ (आम्हा कवींचा तो लाडका शब्द), त्यात कुणाचा कट नसतो. फूस ‘लावतात’. आमच्या घरच्या बोलीत ‘लालच देना’ म्हणतात, म्हणजे तिथे निदान काही देण्याची भाषा तरी आहे. मराठीत आमिष नुसते ‘दाखवतात’. दाखवणारा कुणीतरी आहे आणि गळाची दोरी त्याच्याच हातात आहे, हे शब्दातच आले.

तरी आपण चटकन म्हणतो, ‘लोभ नडला.’ निवृत्तीची पुंजी गमावलेला माणूस या दोन शब्दांच्या धाकाने घरीही बोलत नाही, मग पोलिसांत कुठून जाणार? ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवावे, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.