विश्लेषण : फवारणीतून वाचलेला मित्रकीटक कामाला का येत नाही?

कपाशीत ट्रायकोकार्ड लावले आणि त्याच सुमारास कीटकनाशकही फवारले, तर कार्डाचा खर्च वाया जाऊ शकतो. कार्डातून निघालेला मित्रकीटक फवारणीतून वाचला, तरी तो किडीचे अंडे स्वीकारेलच असे नाही.

ट्रायकोकार्ड म्हणजे काय?
तांदळावरील पतंगाची सुमारे २० हजार अंडी चिकटवलेले कार्ड. या अंड्यांत एक मिलिमीटरहून लहान ट्रायकोग्रामा गांधीलमाशी वाढत असते. बाहेर आल्यावर मादी किडीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते. तिची पिल्ले ते अंडे आतून खातात, ते काळे पडते आणि त्यातून बोंडअळी निघतच नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच थोड्या वेळात फुला-बोंडांत शिरते. तिथे फवारा पोहोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच रोखणे महत्त्वाचे.

मादी अंडे कसे पारखते?
ती अंड्यावर चढते, मिशांनी ठोकून आकार, पृष्ठभाग आणि गंध तपासते. मग अंडी घालण्याची नळी टोचून आतली स्थिती चाचपते. अंडे जुने किंवा दुसऱ्या मादीने आधीच वापरलेले असेल, तर बहुतेकदा सोडून देते.

कीटकनाशकाने काय बिघडते?
ही सारी पारख मज्जासंस्थेच्या जोरावर होते. पायरेथ्रॉइड, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि निओनिकोटिनॉइड गटांतील औषधे तिच्यावरच मारा करतात. मात्रा जीवघेणी नसली तरी गंध ओळखणे, चालणे, टोचणे बिघडू शकते. अंड्यावर औषधाचा अंश असेल, तर मादी स्पर्श करूनच माघारी फिरू शकते. परिणाम किती, हे औषध आणि मात्रेवर ठरते.

त्यामुळे मेलेले कीटक मोजणे पुरेसे नाही. आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेच्या वर्गवारीत मित्रकीटकाच्या कामातील घटही धरली जाते. प्रयोगशाळेत ती ३० टक्क्यांहून कमी असेल तर औषध निरुपद्रवी, ९९ टक्क्यांहून जास्त असेल तर घातक.

शेतकऱ्यांनी काय करावे?
- कार्डाच्या पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी लावाव्यात.
- त्याआधी आणि नंतर काही दिवस रासायनिक फवारणी टाळावी.
- कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असे समजावे.
- फवारणी करावीच लागली, तर कार्ड पुढे ढकलावे. दोन्ही एकाच आठवड्यात केल्यास पैसे दोन्हींचे जातात, फायदा मात्र एकाचाच.