आधी पाठ, मग धार

जुना वस्तरा घेताना लोक धारेवर अंगठा फिरवून बघतात. त्यातून फारसं काही कळत नाही, बोट मात्र कापतं. धार नव्याने लावता येते. बघायची ती पाठ, म्हणजे पात्याची जाड कड.

मी घोटीतल्या भात गिरणीत फिटर आहे. इथल्या आठवडे बाजारात भंगाराच्या पथारीवर अडकित्ते, कुलपं आणि पान्यांच्या ढिगात मला एक वस्तरा मिळाला. पात्याच्या मुळाशी ‘शेफील्ड, इंग्लंड’ असा ठसा. 1890 च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे ‘इंग्लंड’ कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. असे जुने वस्तरे सहसा साध्या कार्बन पोलादाचे असतात. हे पोलाद धार झकास घेतं आणि गंजही तितक्याच लवकर धरतं. आमच्याकडच्या पावसात तर विचारूच नका.

मूठ हस्तिदंती वाटत होती. घासून हुंगली तर कापराचा वास आला, म्हणजे सेल्युलॉइड. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटून ठेवलेलं पातं ती खाते. शिवाय ते भडकन पेटतं, त्यामुळे तापलेली सुई लावून पारख करू नये. मी मूठ काढून टाकली आणि शिसवीच्या दोन पट्ट्या कापल्या. पितळी तार आरपार घालून दोन्ही टोकांना बारीक वायसर बसवले आणि लहान हातोडीने टिचक्या मारत तारेची टोकं पसरवली. जोर जास्त झाला तर लाकूड चिरतं, कमी पडला तर पातं लुळं राहतं.

गंज काढायला पातं मशीन ऑइलमध्ये भिजवलं, फळीवर आडवं टेकवलं आणि पॉलिश पेपर हाताने फिरवला, पाठीकडून धारेकडे. 400 नंबरपासून 2000 पर्यंत. गिरणीत ग्राइंडर हाताशी असूनही तो लावला नाही. पातळ पातं क्षणात तापतं. साधारण 200 अंशांच्या पुढे ते पिवळसर, मग निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. तसल्या पात्याला धार लागते, पण टिकत नाही.

आता पाठीचं काम. सुरीला धार लावताना कोन आपला हात ठरवतो. वस्तऱ्याचं तसं नाही. तो दगडावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. माझ्या वस्तऱ्याची रुंदी 16 मिलिमीटर आणि पाठ साडेचार, त्यामुळे कोन आपोआप 16 अंशांच्या आसपास बसतो. पाठ कुणी अर्धीमुर्धी घासून टाकली असेल तर कोन बिघडतो आणि मग दगड कितीही भारी असो, उपयोग नाही. मी 1000 नंबरच्या दगडावर धार सरळ केली, मग 4000 आणि 8000 वर बारीक केली. दाबायचं नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं.

दगडावर धार पुढे असते, चामड्याच्या पट्ट्यावर मागे. आमच्या आळीतल्या सलूनवाल्या तात्यांनी माझा हात बघून आधीच बजावलं, “पाठ पुढं घे रे, नाहीतर माझा पट्टा कापशील.” त्यांच्या स्वतःच्या वस्तऱ्यात आता अर्धं ब्लेड बसतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बदलावं लागतं. कावीळ आणि एड्सचे विषाणू रक्तातून पसरतात हे कळल्यावर एकच पातं सगळ्यांना चालवणं बंद झालं, ते योग्यच. अख्ख्या पात्याचा वस्तरा एकाच माणसाने वापरावा, दाढीनंतर पुसून कोरडा करावा, तेलाचं बोट फिरवावं आणि न्हाणीघरात ठेवू नये.

पात्यावर गंजाचे काही काळे खड्डे उरलेत. बघणारे विचारतात, हे का नाही काढले? धारेपासून ते लांब आहेत, दाढीला आड येत नाहीत. ते काढायचे तर पातं आणि पाठ दोन्ही उतरवावी लागली असती, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही.