परशुराम : परशू आणि राम

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणकडे येताना परशुराम घाट उतरावा लागतो. २०२२ साली चौपदरीकरणाच्या कामासाठी हा घाट दिवसातील काही तास बंद ठेवण्यात आला, तेव्हा परशुराम हे नाव वाहतुकीच्या वेळापत्रकातही जाऊन बसले. घाटाला हे नाव मिळाले ते डोंगरावरील देवस्थानामुळे, आणि सारे कोकण परशुरामभूमी म्हणवते ते एका पुराणकथेमुळे. इतक्या नित्य परिचयाच्या नावाचा अर्थ मात्र क्वचितच पाहिला जातो.

परशू म्हणजे कुऱ्हाड. परशू धारण करणारा राम तो परशुराम. मध्यमपदलोपी समासाचे हे सोपे उदाहरण. मूळ नाव राम एवढेच. भीष्म आणि कर्ण यांचा हा गुरू महाभारतात मुख्यतः राम, जामदग्न्य, भार्गव अशा नावांनी येतो. जमदग्नीचा पुत्र म्हणून जामदग्न्य, भृगुकुळातला म्हणून भार्गव. दशरथपुत्र राम आणि बलराम यांच्यापासून तो वेगळा ओळखू यावा, याकरिता शस्त्राची खूण उपयोगी पडली. राम हे नाव, परशू ही त्याची ओळखखूण.

मराठी भाषेनेही येथे एक विवेक राखलेला दिसतो. संतापी माणसाला आपण 'जमदग्नी' म्हणतो, 'परशुराम' म्हणत नाही. पित्याचा कोप भाषेने लक्षात ठेवला. पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने माता रेणुकेचा वध केला खरा. परंतु प्रसन्न झालेल्या पित्याने वर देऊ केला, तेव्हा त्याने मातेचे प्राणच परत मागितले, आणि झाल्या प्रकाराची आठवणही तिला राहू नये, हेही मागून घेतले.

एकवीस वेळा केलेला क्षत्रियसंहार हा या चरित्राचा भाग आहे. तो झाकण्याचे कारण नाही. पण कोकणाची कथा त्या संहारापाशी सुरू होत नाही. शांतिपर्वानुसार, जिंकलेली सारी पृथ्वी रामाने कश्यपाला दान दिली. उरलेल्या क्षत्रियांचे रक्षण व्हावे या हेतूने कश्यपाने त्याला आपल्या भूमीतून दक्षिण समुद्राच्या तीरी जाण्यास सांगितले. तेथे सागराने त्याला शूर्पारक, म्हणजेच अपरान्त, ही भूमी दिली. शूर्पारक म्हणजे वसईजवळचे आजचे नालासोपारा. पुढे लोककथेत बाण सोडून समुद्र हटविल्याचा तपशील आला. गोव्यातील बाणावलीचे नाव त्या बाणाशी जोडतात. केरळात परशू फेकल्याचे सांगतात. महाभारतातील कथा धरली, तर ही किनारपट्टी म्हणजे संहार जेथे थांबला ती जागा होय.

माणसांनीही हे नाव मोकळेपणाने वापरले. राजारामांच्या काळातील परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी, 'नवनीत'चे संपादक परशुराम बल्लाळ गोडबोले ही नावे प्रसिद्धच आहेत. लावणीकार शाहीर परशराम शिंपी समाजातला होता. चिपळुणात १८८३ साली जन्मलेल्या मामा वरेरकरांचे नाव भार्गवराम. पुण्याच्या 'एस. पी.' महाविद्यालयात जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत असेल, की त्या दोन अक्षरांत सर परशुरामभाऊ दडलेले आहेत? माहूरच्या रेणुकेचे भक्त तर सर्व जातींत आढळतात. आईचा देव्हारा ज्या घरी, तेथे मुलाचे नाव परके कसे ठरावे?

अलीकडे मात्र जयंतीच्या मिरवणुकांत आणि मंडळांच्या फलकांवर हे नाव एका जातीची निशाणी होऊ लागले आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरीकडे तेच नाव तिरस्काराने उच्चारले जाते. भांडणारे दोन्ही पक्ष परशू तेवढा उचलतात. राम कोणीच उचलत नाही. याची झळ शेवटी पोहोचते ती वर्गात बसलेल्या परशुराम नावाच्या एखाद्या मुलाला. आजोबांचे म्हणून ठेवलेले नाव कोणाविरुद्ध तरी घोषणा ठरावे, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

हे काम शिक्षकांना सहज साधण्यासारखे आहे. समासाचा विग्रह फळ्यावर लिहून झाल्यावर, जिंकलेली पृथ्वी देऊन टाकणाऱ्या रामाची गोष्टही त्यांनी त्याच तासाला सांगावी. निदान रत्नागिरी जिल्ह्यातील मुलांना आपण कोणत्या कथेच्या भूमीवर राहतो, हे पुरतेपणी माहीत असले पाहिजे.