साखर जंतूची, होकार टी-पेशीचा

चिखली तालुक्यातल्या अमडापुरात दीड महिन्याचं बाळ उजव्या मांडीत न्यूमोकोकलची लस घेतं, टाहो फोडतं आणि घटकाभरात आईच्या कुशीत गुडूप होतं. खरी धांदल उडते त्यानंतर, जांघेतल्या लसिका गाठींत.

अँटिबॉडी बनवतात बी-पेशी. पण जंतू दिसला की सुटल्या, असं नाही. आधी त्याचा तुकडा गिळायचा, चिरायचा, त्यातला प्रथिनाचा कण अंगावर मिरवत मदतनीस टी-पेशीला दाखवायचा. तिनं होकार दिला तर पुढची वाट. नाहीतर बहुतेकदा मरणच.

होकारानंतरचा प्रकार आणखी अचाट. बी-पेशी स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करत सुटतात, नेहमीच्या सुमारे दहा लाख पट वेगानं! बहुतेक चुका वाया जातात. जिची अँटिबॉडी जंतूला जास्त घट्ट चिकटते ती जास्त तुकडे गिळते, टी-पेशीला जास्त दाखवते आणि जगते. बाकीच्यांना दयामाया नाही.

आता खरी मेख. न्यूमोकोकस या जंतूचं कवच साखरेच्या साखळ्यांचं, आणि या टी-पेशींना साखरेत रस नाही. त्यांना प्रथिन हवं. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळांना नुसत्या साखरेची लस फारशी लागू पडत नाही. तोडगा असा: साखरेला प्रथिन चिकटवायचं. बी-पेशी साखर ओळखून गिळते, दाखवते मात्र प्रथिन. टी-पेशी त्यावर भुलते, आणि अँटिबॉडी तयार होतात साखरेविरुद्ध. आपण लेकरांना कडू औषध गुळातून चाटवतो. इथं गूळच औषधातून द्यावा लागतो.

ही शक्कल पुण्याला चांगली जमली. सीरम इन्स्टिट्यूटनं मेंदूज्वराच्या मेनिन्जोकोकस-ए या जंतूची साखर धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनाला जोडली. ही मेनआफ्रिव्हॅक लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली. तेव्हा डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत होती. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यातला ए-गटाचा आजार जवळपास हद्दपार झाला. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये टायफॉइडची अशीच जोडलस मुलांना दिली. बाळांच्या पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीतला हिब जंतूविरुद्धचा भागही याच जातीचा.

आणि टी-पेशीचा होकार पोचलाच नाही तर? तिच्या अंगावरचा सीडी४० लिगँड हा एक रेणू बिघडला, तर धडधाकट बी-पेशीही आयजीएम या प्राथमिक अँटिबॉडीवरच अडकून बसतात. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून त्रास बहुतेक मुलग्यांना. अशा जन्मजात प्रतिकारदोषांवर मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत काम चालतं.