वृक्षांवरील फुप्फुस-शैवाक : संवर्धन आणि निगा

कवक आणि शैवल यांच्या निकट सहजीवनातून जी संयुक्त काया घडते तिला शैवाक असे म्हणतात. कवक म्हणजे बुरशीच्या वर्गातील सजीव. त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, मात्र त्याच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यामुळे शैवाकाला आकार व आधार मिळतो आणि ओलावा धरून ठेवता येतो. शैवल हा हरितद्रव्य असलेला साधा सजीव असून तो सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतो आणि त्यातील मोठा वाटा कवकाला पुरवतो. खडक, माती, जुन्या भिंती, झाडांच्या साली अशा नाना ठिकाणी शैवाके वाढतात; परंतु त्यांतील काही जाती मुख्यतः जुन्या, दीर्घकाळ अबाधित राहिलेल्या अरण्यांतच टिकून राहतात. ‘लोबारिया पल्मोनारिया’ ही अशा जातींपैकी सर्वाधिक अभ्यासली गेलेली जाती होय. जेथून शैवाक नाहीसे झाले तेथे ते पुन्हा रुजवता येईल का, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे संशोधकांना याच जातीने दिली आहेत.

कार्ल लिनियस याने 1753 मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद केली. तिची काया, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील कायक, पानासारखी रुंद व खोल पाळ्यांत विभागलेली असते आणि तिच्या पृष्ठभागावर उंच कडा व त्यांमधील खळगे यांची जाळी दिसते. हे रूप फुप्फुसाच्या आतील रचनेची आठवण करून देत असल्यामुळे युरोपात जुन्या काळी तिचा उपयोग छातीच्या विकारांवर केला जाई. प्रस्तुत लेखातही सोयीसाठी तिला फुप्फुस-शैवाक असेच म्हटले आहे. कोरड्या हवेत ते करडे-तपकिरी व ठिसूळ दिसते, पाऊस पडताच काही मिनिटांत मऊ होते आणि गर्द हिरवे दिसू लागते. स्कॉटलंड आणि नॉर्वे यांच्या पश्चिमेकडील दमट अरण्यांत, आल्प्सच्या पर्वतरांगांत आणि उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील वनांत ओक, मॅपल, अ‍ॅस्पेन, हेझल यांसारख्या वृक्षांच्या सालींवर ते वाढते.

या शैवाकात दोन नव्हे तर तीन भागीदार एकत्र नांदतात. कवक आणि हिरवे शैवल यांच्या जोडीला कायकाच्या आत लहान लहान गाठींमध्ये ‘नॉस्टॉक’ नावाचे नील-हरित शैवल, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, राहतात. हवेतील नायट्रोजन वनस्पतींना थेट वापरता येत नाही. नॉस्टॉक त्याचे रूपांतर वापरता येण्याजोग्या संयुगांत करते, आणि शैवाकाचे तुकडे जमिनीवर गळून कुजले की तो नायट्रोजन अरण्याच्या मातीत मिसळतो. त्यामुळे हे शैवाक नाहीसे झाले तर वृक्षाच्या सालीची शोभा तर जातेच, शिवाय मातीला मिळणारे पोषणही कमी होते.

युरोपच्या मोठ्या भागातून ही जाती गेल्या दोन शतकांत मागे हटली, त्याची कारणे दोन. पहिले कारण जुन्या वृक्षांची तोड, आणि दुसरे कोळशाच्या धुरातील सल्फर डाय-ऑक्साइड. शैवाकाला मुळे नसतात, तसेच पानांवर असते तसे मेणाचे संरक्षक आवरणही नसते; पावसाचे पाणी, धूळ आणि त्यांत विरघळलेले सर्व काही ते आपल्या पृष्ठभागातून शोषून घेते. आम्लयुक्त पावसाने सालीचीही आम्लता वाढते आणि कमी आम्लतेची साल लागणाऱ्या या जातीला तेथे बस्तान बसवता येत नाही. पुढे अनेक देशांत हवा स्वच्छ झाली, तरी फुप्फुस-शैवाक सर्वत्र आपोआप परतले नाही. त्याचा प्रसार बहुतांशी कायकाच्या कडांवर तयार होणाऱ्या पिठूळ कणांमधून आणि सूक्ष्म उंचवट्यांमधून होतो. या कणांत कवक व शैवल दोन्ही एकत्र असतात. परंतु ते वाऱ्याने फार दूर जात नाहीत, बहुतेक मूळ वृक्षाच्या आसपासच पडतात. शिवाय नव्या कणापासून पुन्हा कण निर्माण करणारे प्रौढ कायक तयार व्हायला दोन दशके किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

यावर प्रयोगशाळेत शैवाक तयार करून ते अरण्यात नेऊन लावणे हा सरळ उपाय वाटेल. शैवाक ही दुहेरी काया असल्याचे प्रतिपादन स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने 1860च्या दशकात केले, तेव्हापासून भागीदारांना वेगळे वाढवून पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. काही जातींत त्यांना मर्यादित यशही आले आहे. मात्र वेगळे केलेले कवक अत्यंत मंद वाढते, त्याला मूळ शैवाकाचा आकार येत नाही, आणि भागीदार पुन्हा जवळ आणले तरी भरपूर अन्नद्रव्य व सततचा ओलावा मिळाल्यास ते एकमेकांशी बांधून राहत नाहीत. टंचाई आणि आलटून पालटून येणारा कोरडेपणा हीच या सहजीवनाला एकत्र ठेवणारी परिस्थिती आहे. म्हणून अरण्यवासी शैवाकाच्या बाबतीत संवर्धन म्हणजे प्रत्यक्षात प्रत्यारोपण, अर्थात सुदृढ कायकाचे तुकडे अथवा प्रजननकण योग्य वृक्षावर नेऊन बसवणे, असाच अर्थ रूढ झाला आहे.

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ क्रिस्टोफ शाइडेगर यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पद्धतीचा एक काटेकोर नमुना आढळतो. त्यांनी प्रजननकण शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विरळ कापडावर पसरून ते कापड सालीवर बसवले. कापडाच्या धाग्यांत कण अडकून राहतात, पावसाने वाहून जात नाहीत, आणि काही महिन्यांत त्यांतून निघालेले कवकतंतू सालीला धरू लागतात. डोळ्यांना ओळखू येतील अशा पाळ्या फुटायला मात्र वर्षाहून अधिक काळ जातो. दुसऱ्या पद्धतीत कायकाचे लहान तुकडे प्लास्टिकच्या जाळीखाली ठेवून जाळी सालीवर पक्की केली जाते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात ब्रूस मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकडे दोऱ्याला टांगून त्यांचे ठरावीक काळाने वजन करण्याची पद्धत वापरली, त्यामुळे वाढ मोजता येऊ लागली. यांपैकी कोणतीही पद्धत वापरली तरी तांब्याची तार टाळावी लागते, कारण तांबे शैवाकातील शैवलाला घातक असते.

प्रत्यारोपणाचे यश प्रामुख्याने जागेच्या निवडीवर अवलंबून असते. शैवाक ओले असताना आणि त्याच वेळी प्रकाश मिळत असतानाच त्याची वाढ होते; कोरडे पडल्यावर त्याचे व्यवहार जवळजवळ थांबतात. दाट सावलीत ओलावा टिकतो पण अन्ननिर्मिती पुरेशी होत नाही, तर उघड्यावर कोरड्या अवस्थेत प्रखर ऊन सोसावे लागते आणि त्याने शैवलाला इजा होते. नॉर्वेतील इंगवार गाउस्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रकाश हळूहळू वाढत गेला तर शैवाक आपल्या वरच्या थरात तपकिरी रंगद्रव्य तयार करून स्वतःचे रक्षण करते. परंतु भोवतालचे अरण्य एकाएकी तोडले गेले तर तेवढा अवकाश त्याला मिळत नाही. म्हणून उत्तर युरोपात विरळ छायेतील, कमी आम्लतेच्या सालीचा प्रौढ वृक्ष निवडणे आणि जागा उघडी असल्यास खोडाची उत्तर बाजू पसंत करणे श्रेयस्कर ठरते.

पुढील निगेत गोगलगायींचा विचार करावाच लागतो. फुप्फुस-शैवाकात कडवट संयुगे असतात आणि ती भक्षकांना दूर ठेवतात. संशोधकांनी कोरडे कायक अ‍ॅसिटोनने धुऊन ही संयुगे काढून टाकली, तेव्हा शैवाक जिवंत राहिले पण गोगलगायींनी ते अधिक आवडीने खाल्ले. कोवळ्या पाळ्यांचे मात्र या संयुगांनीही पुरेसे रक्षण होत नाही, त्यामुळे पानझडी अरण्यात नव्याने रुजलेले कण बहुधा गोगलगायींच्याच तोंडी जातात. आणखी एक दक्षता अशी, की तुकडे एकाच कायकाचे असू नयेत. या जातीतील कवकाच्या लैंगिक प्रजननासाठी दोन परस्परपूरक प्रकार एकत्र यावे लागतात. सर्व तुकडे एकाच कुळीचे असतील तर वसाहत वाढेल, पण बीजाणू तयार होणार नाहीत. त्याचबरोबर मूळ वसाहतीतून थोडेच घ्यावे, आणि वादळात पडलेल्या झाडांवरील शैवाक, जे जमिनीवर राहिल्यास मरणारच असते, त्याला प्राधान्य द्यावे.

घरातील काचेच्या पेटीत अरण्यातील शैवाक वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु सततचा दमटपणा त्याला मानवत नाही. अशा पेटीत बुरशी धरते आणि कायक सडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व क्षारही त्याला अपायकारक असतात. त्याला पावसाचे पाणी, खेळती हवा आणि रोज कोरडे पडण्याची संधी लागते, म्हणजेच झाडाची साल जे देते तेच लागते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दगडफुलाद्वारे येतो. गोड्या मसाल्यात पडणारे हे करडे, कुरकुरीत द्रव्य ‘पार्मोट्रेमा’ व तिच्या जवळच्या प्रजातींचे शैवाक असून हिमालय आणि पश्चिम घाटाकडील डोंगराळ वनांतून ते गोळा केले जाते. त्याची शेती होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ‘उस्निया घाटेन्सिस’ या, पश्चिम घाटाचे नाव धारण करणाऱ्या जातीचे कृत्रिम संवर्ध वाढवून त्यांच्या जीवाणुरोधक गुणांची तपासणी झाली आहे. असे संवर्ध औषधी द्रव्यांच्या शोधासाठी उपयुक्त असले, तरी वाणसामानाच्या दुकानातील दगडफुलाचा प्रत्येक तुकडा आजही कोणत्या तरी अरण्यातूनच येतो.

शैवाकाची लागवड करता येते, पण ती अरण्य जपल्याशिवाय पूर्ण होत नाही, हा या सर्व प्रयोगांचा निष्कर्ष आहे. वाचकांनी तो साध्या आचरणात उतरवावा: डोंगरवाटांवर झाडांची व खडकांची शैवाके खरवडू नयेत, स्वयंपाकात दगडफूल बेताने वापरावे, आणि गावाच्या देवराईत जुन्या झाडावर कुऱ्हाड चालवण्याचा प्रश्न निघाला तर त्याच्या सालीवर कोण वाढत आहे हे आधी पाहावे.