वस्तूंची हाक

'द सिम्स २' या संगणकीय खेळात एखाद्या घरात कुंभाराचे चाक आणून ठेवावे आणि माऊसवरचा हात काढून नुसते बघत बसावे. कामावरून आलेला सिम, म्हणजे खेळातला माणूस, जेवतो, खरकटी ताटली तिथेच टाकतो, टीव्हीसमोर घुटमळतो आणि मग कुणी न सांगता चाकापाशी जाऊन बसतो. खेळणाऱ्याने आज्ञा दिलेली नसते. तो आपणहून मातीत हात घालतो.

ही ओढ येते कुठून? तिचे उत्तर खेळाच्या बांधणीत आहे, आणि ते समजले की छंदांचे 'एक्सपान्शन पॅक', म्हणजे मूळ खेळाला जोडायचे वेगळे विकत मिळणारे भाग, निघू तरी कसे शकतात हेही समजते. सिमला कुंभारकाम म्हणजे काय ते ठाऊक नसते. ठाऊक असते ते चाकाला. घरातली प्रत्येक वस्तू सतत आपली जाहिरात करत असते. फ्रिज सांगतो, माझ्याकडे भूक भागेल. पलंग सांगतो, थकवा जाईल. चाक सांगते, मन रमेल. सिम आपल्या गरजा आणि या हाका ताडून पाहतो आणि वरच्या काही पर्यायांतून एक निवडतो. ती वस्तू कशी वापरायची, हात कसे हलवायचे, काय तयार होणार, हे सगळे वस्तूतच लिहिलेले असते. त्यामुळे नवा छंद आणायचा तर माणसे पुन्हा घडवावी लागत नाहीत. नवी वस्तू घरात ठेवली की जुनाच सिम तिच्यापुढे जाऊन शिकू लागतो.

या खेळमालिकेचा कर्ता विल राइट. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात त्याचे घर जळाले. संसार नव्याने उभा करताना माणसाला नेमके काय काय लागते, हा विचार त्याच्या मागे लागला. सुरुवातीला त्याच्या डोक्यात घरे बांधण्याचा खेळ होता; माणसे होती ती त्या घराला गुण देण्यापुरती. पण बघणाऱ्यांचे डोळे माणसांवरच खिळले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये 'मॅक्सिस' या स्टुडिओचा 'द सिम्स' बाजारात आला तो मोठ्यांनीही मांडावी अशी भातुकली होऊन. त्या पहिल्या खेळात सिमच्या आठ गरजा होत्या. भूक, झोप, स्वच्छता यांच्या रांगेत करमणूक हीही एक गरज मोजलेली होती. छंदाला जागा मिळाली ती तिथून.

तरीही पहिल्या खेळात छंद असा नव्हता. चित्रफलक होता, पियानो होता, बुद्धिबळ होते. पण त्यांच्यामागे धावायचे ते नोकरीतल्या बढतीसाठी. बुद्धिबळाने तर्क वाढतो आणि तर्क वाढला की वरची जागा मिळते, असा हिशेब. हा हिशेब मोडला तो फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या 'फ्रीटाइम' या 'द सिम्स २'च्या सातव्या एक्सपान्शन पॅकने.

'फ्रीटाइम'मध्ये दहा छंद आहेत: पाककला, हस्तकला, चित्रपट आणि साहित्य, क्रीडा, खेळ, निसर्ग, यंत्रांची खटपट, व्यायाम, विज्ञान, संगीत आणि नृत्य. ही यादी कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतही सापडेल. पॅकचे खरे मोल यादीत नाही. बनवणाऱ्यांनी कौशल्य आणि उत्साह या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, त्यात आहे. किती येते ते एका पट्टीवर, किती आवडते ते दुसऱ्या. उत्साहाची पट्टी शून्यापासून दहापर्यंत चढते, आणि छंदाकडे पाठ फिरवली की उतरतेही. नुसते हात चालवूनच ती वाढते असेही नाही. त्या विषयावर मित्राशी गप्पा मारल्या तरी ती सरकते. ज्याने कधी क्रिकेटवर तासभर वाद घातला आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

शिवाय प्रत्येक सिमच्या वाट्याला एक छंद जन्मतःच लिहिलेला असतो, आणि तो कोणता हे सुरुवातीला सांगितलेले नसते. खेळणाऱ्याने बघत राहायचे. हा जुन्या गाडीच्या सांगाड्याकडे वारंवार का जातो? ही फुलपाखरांमागे का धावते? कुठल्या तरी एका पट्टीची चाल इतरांपेक्षा वेगवान दिसते आणि उलगडा होतो. बापाने पोराला पियानोपुढे बसवावे आणि पोराचा जीव स्क्रू-पान्यात अडकलेला असावा, अशी घरे या खेळात आपोआप तयार होतात. त्यासाठी कुणी कथा लिहिलेली नाही. दोन आकडे वेगळे ठेवल्यामुळे ती घडते.

उत्साह वर चढला की छंदाच्या मासिकाची वर्गणी भरता येते, मंडळाचे सदस्यत्व मिळते, आणि त्या छंदाच्या लोकांच्या खास जागी जाता येते. आणखी वर गेल्यावर सिमची तंद्री लागते. या अवस्थेत त्याच्या गरजा सावकाश घटतात. भूक लागायची ती उशिरा लागते, झोप लांबते. ज्यांनी कधी शिवणयंत्रावर बसून चहा गार होऊ दिला आहे, त्यांना ही गोष्ट आकड्यांत पकडलेली बघून नवल वाटेल. शिवणयंत्रही याच पॅकमधले. कुंभारकाम आणि शिवण या दोन्हींत सरावाने कांस्य, रौप्य आणि सुवर्ण बिल्ले मिळत जातात.

'द सिम्स ४' २०१४ मध्ये आला. त्याने छंदांची ही व्यवस्था पुढे नेली नाही. कौशल्ये ठेवली, उत्साह वगळला. छंद मात्र येत राहिले, तुकड्यातुकड्यांनी. त्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा म्हणजे जुलै २०२० मधला 'निफ्टी निटिंग स्टफ'. विषय निवडण्यापासून खेळाडूंनी मतदानाच्या अनेक फेऱ्यांतून ठरवलेला हा छोटा पॅक. सिम लोकर-सुयांची परडी जवळ बाळगतो आणि बसायला जागा मिळेल तिथे विणू लागतो. मोजे, टोपी, स्वेटर, बाळांसाठी खेळणी. विणलेला स्वेटर कुणाला भेट दिला तर तो त्या माणसाला अंगात घालता येतो, आणि हे फार चांगले सुचलेले आहे. बहुतेक कौशल्यांतून तयार झालेली वस्तू फडताळात जाते किंवा विकली जाते. इथे आजीने विणलेला स्वेटर नातू रस्त्यातून घालून फिरतो.

याच पॅकमध्ये 'प्लॉप्सी' नावाचा ऑनलाइन बाजारही आला. हाताने केलेली वस्तू तिथे मांडायची, गिऱ्हाईक मिळाले की टपालाने पाठवायची. इथून छंदाचे तोंड पैशाकडे वळू लागले.

ते पुरते वळले ६ मार्च २०२५ रोजी. त्या दिवशी आलेल्या पॅकचे नावच 'बिझनेसेस अँड हॉबीज'. नॉर्डहेवन हे उत्तर युरोपच्या धाटणीचे गाव आणि त्यात दोन नवी कौशल्ये: गोंदणे आणि कुंभारकाम. यात चाक आहे, भट्टी आहे आणि आपल्या छंदाचे दुकान काढण्याची सोय आहे. घरातच स्टुडिओ थाटावा, येणाऱ्यांकडून तासाचे किंवा प्रवेशाचे शुल्क घ्यावे, शिकवण्या चालवाव्यात. गोंदण्याची नक्षी खेळणारा स्वतः रेखाटू शकतो, आणि ती सिमच्या अंगावर उमटलेली बघताना निर्मितीचा आनंद पडद्याबाहेरच्या माणसालाही मिळतो. कामाची कारागिरी २००८ पेक्षा कितीतरी देखणी आहे.

पण या चाकावर बसलेल्या सिमला मातीचा नाद आहे की नुसता हात बसला आहे, हे कळायला पट्टी नाही. २०२१ मध्ये मूळ खेळात आवडीनिवडी आल्या खऱ्या; पण त्या खेळणाऱ्याने खुणा करून ठरवायच्या असतात. 'फ्रीटाइम'मधली आवड आधी दडलेली असे, मग उमगे, वाढे, दुर्लक्षाने आटे. खुणेला अशी वाढ नसते.

योगायोग असा की 'फ्रीटाइम' सध्या पुन्हा विकत मिळतो. मालिकेला पंचवीस वर्षे होत असताना, ३१ जानेवारी २०२५ रोजी, 'द सिम्स २' आपल्या एक्सपान्शन पॅकसह पुन्हा प्रसिद्ध झाला. नवा पॅक त्यानंतर पाचेक आठवड्यांनी आला. ज्याला दोन्ही परवडतील त्याने ते शेजारी शेजारी खेळून बघावेत.

परवडण्याचा मुद्दा खरा आहे. 'द सिम्स ४'चा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण एका मोठ्या पॅकची मूळ किंमत चाळीस डॉलरच्या आसपास. विणकाम एका पॅकमध्ये, क्रॉस स्टिच २०२१ च्या 'कॉटेज लिव्हिंग'मध्ये, मेणबत्त्या 'इको लाइफस्टाइल'मध्ये, कुंभारकाम चौथ्याच ठिकाणी. हस्तकलेची आवड असलेल्याने चार खरेद्या करायच्या. वस्तू वेगवेगळ्या विकणे समजू शकते; त्या घडवायला चित्रकार आणि प्रोग्रामर लागतात. उत्साहाची पट्टी मात्र वस्तू नव्हे. ती सिमची आहे, आणि फुकटच्या मूळ खेळात ती आली तर आजवर विकलेला प्रत्येक छंद तिच्यावर मोजता येईल.